चाळीस पावलांची चूक

१

शिवणवालीला तिच्या नवऱ्याने सकाळी सव्वानऊ वाजता गल्लीच्या तोंडाशी सुरीने भोसकलं. ती गेली हे कळायच्या आतच घरातल्या बाकीच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या होत्या. याला पत्ता दिला कुणी?

ते घर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तेवढाच काय तो त्याचा आडोसा होता. नवऱ्याच्या, दिराच्या, एकीच्या बाबतीत सख्ख्या बापाच्या तावडीतून सुटून आलेल्या नऊ बायका आणि पाच मुलं तिथे राहत. दारावर पाटी नव्हती. टपाल बाजारातल्या संस्थेच्या कचेरीत यायचं. पोलिसांकडे आणि कोर्टात दिलेला पत्ताही कचेरीचाच. नळाचं बिल अजून आधीच्या मालकाच्या नावावर येत होतं. नवीन बाईला आणताना ड्रायव्हर मुद्दाम दोन वळसे जास्त घ्यायचा. बारा वर्षांत नकोसं माणूस त्या दाराशी एकदाही आलं नव्हतं.

नवरा पळाला नाही. भिंतीला टेकून बसून राहिला. पोलिसांनी त्याला उठवलं तेव्हा, जमलेल्या बायकांना नीट ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "मला घरातल्याच माणसाने सांगितलं."

पोलिसांना त्याचं काही नव्हतं. मारणारा हाताशी, सुरी हाताशी, बघणारे पाच जण. त्यांचं काम झालं होतं. पण त्या एका वाक्याने घराला कीड लागली. त्याच संध्याकाळी प्रत्येकीने आपलं ताट उचलून वेगळं नेलं. आयांनी मुलांना सांगितलं, कुठल्याच मावशीला काही सांगायचं नाही.

घर चालवणारीने तिसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीला फोन केला. ही थोरली तीस वर्षं विमा कंपनीत आगीच्या दाव्यांची तपासनीस होती. जळालेल्या गोदामांत उकिडवं बसून राख चाळायची आणि आग लागली की लावली ते सांगायची. कचेरीत तिचं नाव राखबाई पडलं होतं, आणि निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेल्या पेल्यावरही तेच कोरलेलं होतं. आता गुडघे गेले होते आणि वेळ भरपूर होता.

"ताई, माझ्या घरात कुणीतरी फितूर आहे," धाकटी म्हणाली. "शोधून दे. नाहीतर घर बंद करावं लागेल."

"विझल्यावरच बोलावतात मला," राखबाई म्हणाली. "येते."

२

घरात न राहणारे, पण घर माहीत असलेले दोघंच होते. एक ड्रायव्हर, एक स्वयंपाकीण.

ड्रायव्हर साठीला आलेला, बोलका माणूस. त्याच्यावर संशय घ्यायला एक कारण होतं. तीन आठवड्यांपूर्वी शिवणवालीला कोर्टाच्या तारखेवरून परत आणताना त्याने गाडी मध्येच थांबवली होती आणि दहा मिनिटं गायब झाला होता. पंक्चर बघायला गेलो, असं त्याने सांगितलं होतं. चारही टायर धड होते हे शिवणवालीने घरी येऊन हसत सांगितलेलं सगळ्यांना आठवत होतं. राखबाईने विचारल्यावर त्याने आधी पंक्चरचीच गोष्ट लावून धरली, मग खाली बघत सांगितलं की त्याला साखरेचा आजार आहे, सारखं लघवीला जावं लागतं, आणि हे कळलं तर लायसन जाईल. आडोसा शोधायलाच दहा मिनिटं गेली होती. राखबाईने ते लिहून घेतलं नाही.

स्वयंपाकिणीचं, जिला सगळं घर मावशी म्हणायचं, प्रकरण अवघड होतं. नऊ वर्षांपूर्वी ती स्वतःच मोडलेला हात गळ्यात बांधून या घरात आली होती, आणि हात बरा झाल्यावर स्वयंपाकघर तिने कधी सोडलंच नाही. पुढे दोन गल्ल्या सोडून खोली घेतली, पण दिवस सगळा इथे. ती दर बुधवारी दुपारी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन फोन करायची. स्वतःचा फोन असताना. कुणाला, हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

राखबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. बाई कांदा चिरत होती, ती चिरतच राहिली. राखबाईने एकदा विचारलं, थोड्या वेळाने परत विचारलं.

"बाई, चोरी केली असती तर सांगितलं असतं," ती शेवटी म्हणाली. "हे सांगण्यासारखं नाही."

"न सांगण्याने तुमच्यावरच येतंय."

"येऊ दे. माझ्यावर यायची सवय आहे सगळ्या गोष्टींना."

राखबाईला ती खोटं बोलतेय असं वाटलं नाही. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला तीस वर्षांत पुरतं कळलं होतं. उद्या परत बोलू, असं म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा चूल थंड होती. रात्री बायकांनी बैठक घेतली होती. ही राहिली तर आम्ही जातो, असं सहा जणींनी हात वर करून सांगितलं होतं. धाकटीने नाइलाजाने तिला निघायला सांगितलं होतं. खोलीही संस्थेच्याच ओळखीने मिळालेली होती, म्हणून तिने तीही सोडली होती.

"कुठे गेली?" राखबाईने विचारलं.

ते कुणी विचारलंच नव्हतं.

३

त्या दिवशी राखबाई बहिणीशी फारसं बोलली नाही. ती घराबाहेर पडली आणि जिथे सुरी चालली होती तिथे जाऊन उभी राहिली.

जागा अशी होती. मोठ्या रस्त्याला लागून कागदाचं एक भलंमोठं गोदाम, त्याला निळं लोखंडी फाटक. घर त्या गोदामाच्या पाठीमागे, त्याच जमिनीच्या तुकड्यावर, पण दोन्हींच्या मध्ये उंच भिंत. घराचं दार पलीकडच्या अरुंद गल्लीत उघडायचं. ते दार लाकडी, हिरवं. मोठ्या रस्त्यावरून ते दिसायचंसुद्धा नाही. गल्लीतून बाहेर यायचं, वळायचं, मग मोठा रस्ता.

गोदामाचा पहारेकरी फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. पोलिसांनी त्याला काही विचारलं नव्हतं, त्यामुळे बोलायला तो अगदी उतावीळ होता. त्या माणसाला त्याने आधीही पाहिलं होतं, लागोपाठ दोन दिवस. सकाळी सातला यायचा, समोरच्या फुटपाथवर उभा राहायचा. हातातल्या फोनकडे बघायचा, मग फाटकाकडे, परत फोनकडे. अकराच्या सुमाराला निघून जायचा.

"मला वाटलं, हमाल घेतात का बघायला आलाय," पहारेकरी म्हणाला. "तिसऱ्या दिवशी ती बाई पिशवी घेऊन गल्लीतून आली. दोऱ्याचं रीळ संपलं असेल, नेहमी त्यासाठीच जायची. ह्याने तिला बघितलं आणि मला तर वाटलं, ह्यालाच धक्का बसलाय."

राखबाईने फाटकापासून हिरव्या दारापर्यंतचं अंतर चालून मोजलं. चाळीस पावलं भरली, त्यात दोन वळणं.

मग ती तशीच तुरुंगात भेटीची परवानगी मागायला गेली.

४

नवरा मऊ बोलणारा होता. एका जमीनमोजणीच्या कंत्राटदाराकडे तो नकाशे काढायचा. बायको हुशार होती, पण लोकांच्या नादी लागली, असं त्याने दोनदा सांगितलं. पत्ता कुणी दिला ते सांगायला त्याने नकार दिला. "त्या माणसाला मी शब्द दिलाय."

राखबाईने त्यावर वाद घातला नाही. सहज विचारावं तसं विचारलं, "त्या घराचं दार तुम्ही ओळखलंत कसं? पाटी तर नाही."

"फाटकाच्या रंगावरून."

"कुठला रंग?"

"निळा. लोखंडी, निळा."

राखबाईने चष्मा पुसला आणि उठली. बाहेर येऊन तिने धाकटीला फोन लावला. घरात एकदा जरी पाऊल टाकलेल्या माणसाने त्याला हिरवं दार सांगितलं असतं, गल्ली सांगितली असती. हा दोन दिवस गोदामाच्या फाटकावर नजर ठेवून होता. ज्याच्याकडून पत्ता मिळाला त्याने ते घर कधी पाहिलेलंच नव्हतं.

"म्हणजे मावशी..." धाकटी म्हणाली.

"मावशी नाही, ड्रायव्हर नाही, तुझ्या बायकांपैकी कुणीच नाही. हा पत्ता माणसाने नाही, कागदाने दिलाय. जमिनीच्या तुकड्याची पुढची बाजू धरून घर दाखवणारा कुठला कागद आहे?"

धाकटीने छातीठोक सांगितलं की असा कागद नाही. मग तिने घराचे कागद मनातल्या मनात एकेक करून चाळले.

"एक आहे," ती म्हणाली. "पण तो कागद नाही."

५

दोन वर्षांपूर्वी अग्निशमन दलाचा नियम निघाला होता. जिथे दहाहून जास्त माणसं झोपतात अशी प्रत्येक जागा शहराच्या डिजिटल नकाशावर असलीच पाहिजे, म्हणजे आगीचा बंब शोधत फिरणार नाही. धाकटीने तेव्हा खूप विरोध केला होता. शेवटी तिला वचन मिळालं. अशा घरांचा एक वेगळा, लपवलेला थर असेल. लोकांना घरबसल्या दिसतो त्या नकाशात तो दिसणार नाही. तो उघडायचा पासवर्ड तिघांकडेच राहील.

नकाशा विभागाची खोली थंडगार आणि बिनखिडकीची होती. तिथला तंत्रज्ञ, ज्याला सगळी इमारत नकाशावाला म्हणायची, पस्तिशीचा, नखं खाणारा माणूस होता. त्याने राखबाईला तो थर उघडून दाखवला. शहरभर पाच ठिपके होते. घराचा ठिपका जमिनीच्या तुकड्याच्या बरोबर मधोमध, म्हणजे गोदामाच्या छपरावर पडलेला.

"जागेवर जाऊन पाहिलं नव्हतंत?"

"मला जागेवर जायची परवानगी नव्हती मॅडम. गुप्त ना."

पासवर्ड होता तो याच्याकडे, विभागप्रमुखाकडे आणि अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षाकडे. राखबाईने तिघांची त्या महिन्याची हालचाल विचारली. नकाशावाला उत्तरं देत होता, पण त्याची नजर सारखी टेबलाच्या खालच्या खणाकडे जात होती. आगीच्या दाव्यांत अशी नजर तिने शेकड्यांनी पाहिली होती.

"तिघांपैकी कुणी दिलं?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. त्याने खण उघडून दोन कागद तिच्यासमोर ठेवले. "पासवर्ड लागतच नव्हता."

६

शहराचा नकाशा ज्या सॉफ्टवेअरवर चालायचा ते ओपन सोर्स होतं. कुणा कंपनीचं नाही. जगभरच्या चार हौशी माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उघडून वाचावं, वापरावं, सुधारावं असं. नकाशावाल्याला त्याचा अभिमानच होता. विकतच्यापेक्षा बरं चालतं, म्हणाला. पण नऊ महिन्यांपूर्वी त्यात एक भोक सापडलं. नकाशाला प्रश्न विचारायची जी चौकट असते, तिच्यात एका विशिष्ट तऱ्हेने वाकडा प्रश्न घातला की लपवलेले थरही तो ओकून टाकायचा. लिहिणाऱ्यांनी सहा दिवसांत दुरुस्त आवृत्ती काढली आणि दोष सगळ्यांना जाहीर कळवला.

"जाहीर?" राखबाईने विचारलं. "चोरांनाही?"

"दुसरा मार्ग नाही मॅडम. कोण कोण वापरतं हे त्यांनाच माहीत नसतं. न सांगावं तर कुणीच दुरुस्ती लावणार नाही."

त्याने त्याच आठवड्यात वरिष्ठांना टिपण दिलं होतं. तीन महिन्यांनी दुसरं. दोन्हींवर विभागप्रमुखाचा एकच शेरा होता, पाहणी दौरा झाल्यावर पाहू. नवी आवृत्ती लावली की छापील नकाशांचा जुना साचा मोडणार होता, आणि दौऱ्याला येणाऱ्यांना छापील नकाशे द्यायचे होते. दौरा तीनदा पुढे गेला. बोभाटा करू नकोस, असं नकाशावाल्याला तोंडी सांगण्यात आलं, आणि त्याने केला नाही.

"रोज सकाळी यायचो आणि वाटायचं, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही," तो म्हणाला.

शेवटी त्याने सर्व्हरची नोंदवही उघडली. कुठून कोणता प्रश्न आला, त्याची ती यादी. वाकडा प्रश्न ओळखायला त्याला वेळ लागला नाही. खुनाच्या अकरा दिवस आधी, दुपारी, तो एका मोजणी कंत्राटदाराच्या कचेरीतून आला होता.

कंत्राटदार घाबरून गेला आणि होतं नव्हतं ते सगळं त्याने राखबाईपुढे काढून ठेवलं. त्याच्या कचेरीतही तेच सॉफ्टवेअर होतं. तिथे मात्र दुरुस्ती त्याच आठवड्यात लागली होती. कामाच्या रजिस्टरात रेखीव अक्षरांत नोंद होती, दोष काय आणि तो कसा बंद केला याची. खाली सही शिवणवालीच्या नवऱ्याची.

"कामाला एक नंबर होता," कंत्राटदार म्हणाला.

विभागप्रमुख भेटला तो पाचच मिनिटं. सॉफ्टवेअर फुकट आहे, तेव्हा जबाबदारी कुणाची हा प्रश्नच आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. नकाशावाल्याने स्वतःहून त्या लिहिणाऱ्यांना सगळं कळवलं. चार दिवसांनी आलेलं उत्तर त्याने राखबाईला वाचून दाखवलं. "आता आम्ही दोघंच उरलो आहोत. मी दिवसा शाळेत गणित शिकवतो. दुसरा आजारी आईजवळ असतो. दुरुस्ती आम्ही दिली होती, पण ती प्रत्येकाच्या दारात जाऊन लावायला आमच्याकडे माणसं नाहीत. आमच्या चुकीने कुणाचा जीव गेल्याचं आजवर कुणी कळवलं नव्हतं. काय लिहावं ते सुचत नाही."

७

उरलेल्या आठ बायकांना राखबाईने स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. नवऱ्याने आपल्या कचेरीतलं भोक बुजवलं, तेव्हाच त्याला ते कसं चालतं हे कळलं. बायको पळाली तेव्हा ते त्याला आठवलं. शहराचं भोक अजून उघडंच होतं. त्यातून त्याला पाच ठिपके मिळाले. त्यातल्या कुठल्या घरात ती आहे हे माहीत नसल्याने तो एकेका ठिकाणी जाऊन उभा राहिला. हे चौथं. इथे ठिपका चाळीस पावलं चुकीचा होता, म्हणून शिवणवाली दोन दिवस जास्त जगली.

"मग घरातल्याने सांगितलं, असं का म्हणाला?" सगळ्यात लहान बाईने विचारलं.

"कारण बायकोला मारून त्याचं भागलं नव्हतं. तिला ज्यांनी ठेवून घेतलं त्या घरालाही त्याला मोडायचं होतं. त्यासाठी सुरी लागत नाही. एक वाक्य पुरतं."

सहा जणींनी हात वर केले होते, त्या सहाही जणी जमिनीकडे बघत होत्या.

राखबाईला अजून एक गोष्ट सांगायची होती, आणि ती न सांगता निघून जावं असं तिला फार वाटलं, तरी तिने सांगितली. नोंदवहीत तो वाकडा प्रश्न एकदाच आलेला नव्हता. नऊ महिन्यांत सदतीस वेळा आला होता, वेगवेगळ्या ठिकाणांहून. त्यातल्या एकाचा माग लागला. बाकीचे छत्तीस कोण, त्यांनी त्या पाच ठिपक्यांचं काय केलं, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. शेवटचा प्रश्न आदल्या दिवशीचा होता. भोक अजून बुजलेलं नव्हतं. पासवर्ड मात्र आता तिघांऐवजी दोघांकडेच ठेवायचा, असं परिपत्रक निघालं होतं.

धाकटीने आठवड्याभरात घर रिकामं केलं. बाकीच्या चार ठिपक्यांनाही तिने कळवलं. दोघांनी घर हलवलं, एकाने उत्तर दिलं नाही, एकाने विचारलं की जायचं कुठे. नवीन जागा घेतली तर तीही नकाशावर टाकावी लागणार होती, नियम तसाच होता. बायका जिकडे वाट फुटेल तिकडे गेल्या. कुणी बहिणीकडे, कुणी दुसऱ्या शहरात. दोघी जिथून आल्या होत्या तिथेच परत गेल्या.

जायच्या आधी राखबाईने त्यांच्याकडून संस्थेच्या कागदावर चार ओळी लिहून घेतल्या. मावशींचा या प्रकरणात काहीही दोष नाही, आम्ही त्यांच्यावर अन्याय केला. खाली आठ सह्या.

८

झेरॉक्सच्या दुकानदाराकडे बुधवारचा तो नंबर होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावरचं घर. लिफ्ट नव्हती. राखबाई प्रत्येक मजल्यावर थांबत वर गेली.

दार स्वयंपाकिणीनेच उघडलं. साखळी काढली नाही. फटीतून दिसणाऱ्या तिच्या गालावर पिवळा पडत चाललेला डाग होता. आत एक बारा-तेरा वर्षांची मुलगी जमिनीवर वही घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"हिलाच फोन करायची," बाई म्हणाली. "हिचा बाप बुधवारी दुपारी घरी नसतो. स्वतःच्या फोनवरून केला असता तर नंबर राहिला असता त्याच्याकडे. तिला टाकून आले होते मी, नऊ वर्षांपूर्वी. तेव्हा एकीलाच निघता येत होतं. ते काय सांगायचं चारचौघींत."

राखबाईने कागद फटीतून आत दिला. बाईने तो उभ्याउभ्या वाचला, सह्या एकेक करून बोटाने तपासल्या. वाचताना तिच्या ओठांची थोडी हालचाल झाली, बस.

"माझ्याकडे चला," राखबाई म्हणाली. "मुलीला घेऊन. आज, आत्ता. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे."

"तुमचं नाव दारावर आहे ना बाई? फोनच्या यादीत आहे?"

"आहे."

"मग." तिने कागदाची नीट घडी घातली आणि फटीतून परत दिला. "हा तुम्हीच ठेवा. इथे माझं असं काही ठेवायला जागा नाही. त्याला सापडला तर विचारेल, कोण या आठ बायका, कुठे राहतात."

दार लागलं. राखबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली आली. फाटकाशी थांबून तिने कागद उलगडून पाहिला. आठ सह्या होत्या. त्यातल्या पाच जणी आज कुठे आहेत, हे तिलाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसणंच बरं होतं.